खातं दुसऱ्या शाखेत आहे

आज कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकी नंबर तीनवर तेच वाक्य पाचव्यांदा ऐकलं. "तुझं आर्ट्स आहे ना? मग सायन्सला कशी येणार?" बोलताना मॅडमच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तुच्छता नव्हती, काहीच नव्हतं. डेअरीवाला ज्या सुरात "दूध संपलं" म्हणतो तोच सूर. त्याच सुराने डोकं फिरतं. त्या भांडल्या असत्या तर मीही भांडले असते, निदान घसा मोकळा झाला असता.

मी एफवायबीए केलंय, मेजर अर्थशास्त्र. दुसऱ्या सेमिस्टरला सरांनी एकदा दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांचा १९७१ सालचा दारिद्र्याचा अभ्यास फळ्यावर मांडला. माणशी रोज २,२५० उष्मांक पोटात जायचे तर खर्च किती? १९६०-६१ च्या भावाने खेड्यात महिन्याला १५ रुपये, शहरात साडेबावीस. आणि तेवढाही ज्यांना झेपत नाही, असे देशात किती? निम्मा वर्ग पेंगत होता. मी मात्र अडकले. काही घरांना विचारायचं आणि त्यावरून अख्ख्या देशाबद्दल बोलायचं, हे धाडस येतं कुठून? आणि चुकलं तर किती चुकलं हे कळतं कसं? तास संपल्यावर सरांना गाठलं. ते म्हणाले, "हे खरं तर संख्याशास्त्रवाल्यांना विचार, ते जास्त नीट सांगतील." विचारायला गेले ती तिथेच रुतले. उन्हाळ्याची सुट्टी अख्खी लायब्ररीच्या पुस्तकांत घातली आणि ठरवलं, आपल्याला बी.एस्सी. संख्याशास्त्र करायचं. एक वर्ष गेलं तर गेलं. पहिल्यापासून एफवायला बसायचीही तयारी आहे. सूट नको, सवलत नको, फक्त वर्गात बसू द्या.

इथून तमाशा सुरू झाला.

प्रवेशाच्या पोर्टलवर बारावीची शाखा निवडायचा रकाना आहे. त्यात 'कला' निवडलं की खालचं संख्याशास्त्र राखाडी होतं. क्लिक होत नाही. 'विज्ञान' निवडलं की लगेच काळं, ठसठशीत. मी आपली वेड्यासारखी तीन-चार वेळा हा रकाना बदलून बघत बसले. कला, राखाडी. विज्ञान, काळं. माझे गुण तेच, विषय तेच, मी तीच.

आता खरी मेख सांगते. बारावीला आर्ट्समध्ये माझं गणित होतं. आमच्या ज्युनिअर कॉलेजात आर्ट्सला गणित घेणारे आम्ही तिघेच. तिघांसाठी वेगळा तास कोण घेणार? म्हणून आम्हाला सायन्सच्या वर्गात मागच्या बाकावर बसवायचे. दोन वर्षं मी सायन्सच्या वर्गात गणित शिकले. सर तेच, फळा तोच, गृहपाठ तोच. बालभारतीच्या त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच कला आणि विज्ञान अशा दोन्ही शाखा छापलेल्या आहेत. वेगळं पुस्तक असतं ते कॉमर्सवाल्यांचं. बोर्डाचा पेपरही एकच, विषय सांकेतांक ४०, ऐंशी गुणांचा लेखी आणि वीस गुणांची प्रात्यक्षिकं. सारणी, सदिश, विकलन, संकलन, अवकल समीकरणं, संभाव्यता वितरण, द्विपद वितरण, सगळं आलं. आर्ट्सच्या मुलांना सोपं संकलन आणि सायन्सच्यांना अवघड, असं काही नसतं. मला सत्त्याऐंशी पडले. ज्या वर्गात मागच्या बाकावर बसायचे, त्यातल्या निम्म्याहून जास्त पोरांना माझ्यापेक्षा कमी आहेत. त्यातला त्रेपन्नवाला आज बी.एस्सी. संख्याशास्त्राला आहे. त्याच्याबद्दल तक्रार नाही, पोरगा चांगला आहे. पण त्याचा रकाना काळा आणि माझा राखाडी, हे मला कुणीतरी गणिताने सिद्ध करून दाखवावं.

तिसऱ्या खेपेला मी ते पुस्तकच पिशवीत घालून नेलं. म्हटलं, तोंडी सांगून पटत नाही तर दाखवू या. मॅडमनी मुखपृष्ठ बघितलं, उलटं करून मागची बाजूसुद्धा बघितली, आणि पुस्तक खिडकीतून परत सरकवत म्हणाल्या, "पुस्तकावर काय छापलंय ते बालभारतीला विचार. मी मार्कशीटवर काय छापलंय ते बघते." मागे रांगेतला एक काका फिस्सकन हसला. मलाही हसू आलं असतं, प्रकरण माझं नसतं तर.

मग विभागप्रमुखांकडे गेले. सर भला माणूस. खुर्ची दिली, चहा मागवला, दोन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. म्हणाले, "तुला घ्यायला मला आनंदच आहे, पण इलिजिबिलिटी माझ्या हातात नाही." कॉलेजचं ऑफिस म्हणतं विद्यापीठाचं पत्र आणा. विद्यापीठात सकाळची सहाची एसटी पकडून गेले, तर पात्रता विभागातले साहेब म्हणतात, कॉलेजने लेखी प्रस्ताव पाठवला तर विचार करू. परत कॉलेज. "असा प्रस्ताव आम्ही कधी पाठवला नाही." का नाही? "कारण विद्यापीठ मान्य करत नाही." मान्य करत नाही हे कसं कळलं? "कारण कुणी पाठवतच नाही." शाळेत खो-खो खेळले आहे मी, पण त्यात पळणाऱ्याला कधीतरी बाद तरी करतात. तिथल्या शिपाई मामांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, इथं हो कुणी म्हणत नाही आणि नाही पण कुणी लिहून देत नाही." पंधरा दिवसांत मला मिळालेली एकमेव खरी माहिती ही.

आणि याच इमारतीच्या जिन्यात नवीन शैक्षणिक धोरणाचा भलामोठा फ्लेक्स आहे. त्यावरच्या मुलीच्या एका हातात सूक्ष्मदर्शक, दुसऱ्या हाताखाली तबला. २०२० च्या त्या धोरणात सरळ म्हटलंय की कला आणि विज्ञान यांच्यात कडक भिंती नकोत. बरं. आपल्या राज्याने तर ओपन इलेक्टिव्ह हा विषय आपल्या शाखेबाहेरचाच घ्यायची सक्ती केली आहे. म्हणजे आर्ट्सच्या मुलीने विज्ञानातलं दोन-चार क्रेडिटचं, म्हणजे श्रेयांकांचं, काहीतरी घ्यायलाच पाहिजे. मी घेतलं होतं, आहार आणि आरोग्य छापाचं. पालकात लोह असतं हे मला विद्यापीठाने सक्तीने शिकवलं. पण दोन क्रेडिटचं विज्ञान सक्तीचं आणि पूर्ण पदवीचं विज्ञान बंदीचं, हा काय न्याय? हळदीकुंकवाला या, जेवायला थांबू नका.

वर त्यांची ती क्रेडिटची बँक! एफवायचे माझे ४४ क्रेडिट तिथे जमा आहेत. अ‍ॅपवर दिसतात, हिरवी बरोबरची खूण करून. विद्यार्थ्याला हवं तेव्हा, हवं तिथे नेता येतील म्हणून ही बँक काढली असं आम्हाला इंडक्शनला तासभर सांगितलं होतं, सामोसेही दिले होते. मी विचारलं, यातले भाषेचे, मूल्यशिक्षणाचे, भारतीय ज्ञान प्रणालीचे क्रेडिट तरी बी.एस्सी.ला धरणार का? ते तर सगळ्या शाखांना सारखेच आहेत. उत्तर आलं, "आधी अ‍ॅडमिशन होऊ दे, मग बघू." पैसे आहेत, पासबुकात दिसतात, पण काउंटरवरचा माणूस म्हणतो तुमचं खातं दुसऱ्या शाखेत आहे. खऱ्या बँकांनीसुद्धा ही थेरं कधीच सोडली हो!

यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, गंमत तर वेगळीच. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी नव्या नियमांचा मसुदा काढला. बारावीला कुठलेही विषय असोत, त्या विषयाची राष्ट्रीय किंवा विद्यापीठ पातळीवरची प्रवेश परीक्षा पास झालात की कुठल्याही शाखेत प्रवेश. वाचून मी खोलीत अक्षरशः उड्या मारल्या होत्या. मग कळलं की आमच्याकडे या कोर्सला प्रवेश परीक्षाच नाही, बारावीच्या टक्क्यांवर यादी लागते. परीक्षा पास हो, घेतो. पण परीक्षा नाही. विहीर खणून झाली, दोर तेवढा कापून ठेवलाय.

आता दुसरी बाजू. त्याच खिडकीवर, माझ्या पुढे एक मुलगा होता. बारावी सायन्स, एक वर्ष बी.एस्सी. फिजिक्स केलेलं, आता एमपीएससीसाठी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करायचं म्हणत होता. वीस मिनिटांत काम फत्ते. त्याला कुणी विचारलं नाही, की बाबा तू अकरावी-बारावीला इतिहास वाचलास का, राज्यघटना उघडून पाहिलीस का? का विचारत नाहीत ते सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांच्या मनात पक्कं बसलंय की सायन्सवाल्याला सगळं येतं आणि आर्ट्स म्हणजे उरलेल्यांचं गोदाम. वरून खाली येणाऱ्याला कसला पास लागतो? खालून वर जाणाऱ्याला मात्र दारात अडवायचं. आणि हे बोलणारे अर्धे लोक स्वतः बी.ए. आहेत, याचं मला जास्त वाईट वाटतं.

मला कुणी शिकवू नये की काही विषयांना पाया लागतो. माहीत आहे. उद्या मी म्हटलं रसायनशास्त्रात घ्या, तर खुशाल हाकला. मी बारावीला ब्युरेट हातात धरलेली नाही, प्रयोगशाळेत जागा मोजक्या असतात, अ‍ॅसिडशी खेळ नको. पटतं. पण संख्याशास्त्राला पाया कशाचा लागतो? गणिताचा. तो आहे. भारतीय सांख्यिकी संस्थेपेक्षा कडक संस्था या देशात या विषयाला नाही. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९३१ साली कोलकात्यात काढलेली. तिथे बी.स्टॅट.ला, म्हणजे संख्याशास्त्राच्या पदवीला, काय मागतात? बारावी पास, गणित आणि इंग्रजी विषय असलेली. शाखा विचारत नाहीत. प्रवेश परीक्षा मात्र अशी घेतात की घाम फुटतो. मी जुने पेपर सोडवून बघितले, वर्णनात्मक पेपरात आठातले दोन धड सुटले. तिथे मला नाही घेतलं तर मी निमूट घरी येईन, कारण मला गणित आलं नाही म्हणून ते नाही म्हणाले असतील. आणि पुण्यात गोखले संस्थेत अर्थशास्त्राचीच बी.एस्सी. मिळते. जो विषय मी आत्ता शिकतेय तोच तिथे विज्ञान आहे! म्हणजे मी तिकडे असते तर वैज्ञानिक, इकडे आहे म्हणून कलाकार.

फुकटचे सल्लागार तर विचारूच नका. आत्या म्हणते, "मुलीच्या जातीला काय करायचंय गणित, बी.एड. कर." पप्पा म्हणतात, "नाद सोड, वर्ष वाया जाईल, स्थळं विचारतील मधे गॅप का." कॉलेजच्या समुपदेशनाच्या टेबलावरच्या बाईंचा सल्ला, मुक्त विद्यालयातून बारावीचे विज्ञानाचे विषय परत दे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात बारावी झालेल्याला चारपर्यंत विषय वेगळे देता येतात, खरं आहे. म्हणजे मी आता भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र वाचायचं, प्रॅक्टिकलं करायची, वर्षभर थांबायचं, कशासाठी? ज्यात दोन्ही विषय लागत नाहीत अशा कोर्सला जाण्यासाठी. सेंद्रिय रसायनाचं माझ्या नमुना सर्वेक्षणाशी काय नातं आहे ते त्या बाईंनी सांगितलं नाही. त्यांच्या टेबलावर 'मनातलं बोला' असा बोर्ड होता. मी बोलले नाही, संस्कार आड आले.

तर सध्या मी एसवायबीएला बसतेय. फी भरली, मुदत संपत होती. अर्थशास्त्राच्या संख्याशास्त्रीय पद्धतीच्या पेपरात मध्य, मध्यक, बहुलक चालू आहे, तेही आकडे जास्त झाले तर बोअर होतं म्हणून सर पाच-पाच संख्यांचीच उदाहरणं देतात. तो फिजिक्सवाला मुलगा ओपन इलेक्टिव्हला माझ्या शेजारी बसतो. त्याचं ओळखपत्र आलं, माझ्या अर्जाला अजून आवक क्रमांकसुद्धा पडलेला नाही.

माझी रूममेट त्याच बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या एफवायला आहे. परवा रात्री साडेअकराला तिची रडारड सुरू झाली, द्विपद वितरणाची असाइनमेंट सकाळी द्यायची होती. मेसचा डबा बाजूला सारला, कॉटवर बसून दोन तास तिला शिकवलं, पाचही उदाहरणं करून घेतली. काल तिला परत मिळाली, वीसपैकी एकोणीस. एक मार्क अक्षराचा कापला. अक्षर तिचं होतं.