खांब दिसले की लोकशाही?

सध्या एक मजकूर फिरतो आहे. वर पार्थेनॉनचा, म्हणजे अथेन्समधल्या प्राचीन ग्रीक मंदिराचा फोटो, खाली पाच ठाम विधानं. ग्रीकांनी सुवर्ण गुणोत्तर मोजून, शुभ्र संगमरवरात मंदिरं बांधली. रोमनांनी कमान आणि घुमट शोधून काढले. मधल्या काळात युरोप हे सगळं विसरला. मग प्रबोधनकाळात त्याने पार्थेनॉन समोर ठेवून पुन्हा बांधायला घेतलं. आणि हे खांब लोकशाहीचं चिन्ह, म्हणूनच जगभरच्या विधिमंडळांची दारं तशी दिसतात. शेवटी मुंबईच्या टाउन हॉलचं नाव जोडलेलं असल्यामुळे आपल्याकडे तो जरा जास्तच उत्साहाने पुढे ढकलला जातो.

ग्रीक-रोमन वास्तुकलेची छाप नंतरच्या इमारतींवर पडली, याबद्दल वाद नाही. ती कशी पडली, याबद्दल मात्र या मजकुरात जवळजवळ काहीच बरोबर नाही.

सुवर्ण गुणोत्तर म्हणजे लांबी-रुंदीचं १.६१८ : १ हे प्रमाण. पार्थेनॉनचं जोतं साधारण ६९.५ मीटर लांब आणि ३०.९ मीटर रुंद आहे. भागून पाहा: २.२५ येतं, म्हणजे ९ : ४. दर्शनी बाजूची रुंदी आणि छज्ज्यापर्यंतची उंची यांचंही प्रमाण तेच. बांधणाऱ्यांनी प्रमाण काटेकोर जपलं होतं, पण ते साध्या पूर्णांकांचं. फोटोवर सोनेरी चौकट बसवणारे कधी पायऱ्या आत घेतात, कधी वगळतात, आणि वरच्या त्रिकोणाचा ढासळलेला शेंडा सोयीने कल्पून घेतात. विट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाचा दहा भागांचा ग्रंथ उपलब्ध आहे. इमारतींच्या प्रमाणांवर तो पानंच्या पानं लिहितो, पण या गुणोत्तराचं नाव काढत नाही.

शुभ्र संगमरवराचं म्हणाल, तर पार्थेनॉन संगमरवरीच आहे, पण तो रंगवलेला होता. निळ्या रंगाचे अंश आजही सापडतात. सिसिलीतली आणि दक्षिण इटलीतल्या पेस्टमची ग्रीक मंदिरं तर चुनखडीच्या दगडात बांधून वरून गिलावा केलेली. नंतरच्यांनी पाहिलं ते रंग उडालेलं रूप, आणि पुढे तेच त्यांना इतकं आवडलं की ब्रिटिश म्युझियममधली पार्थेनॉनची शिल्पं १९३७-३८ मध्ये पांढरी दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी खरवडण्यात आली. व्हाइट हाउसचा पांढरेपणाही ग्रीसमधून आलेला नाही. ते वालुकाश्माचं घर आहे, आणि दगड थंडी-पाण्याने फुटू नये म्हणून १७९८ मध्ये त्याला चुना फासला होता.

कमान रोमनांच्या आधीपासून होती. इजिप्तमध्ये रॅमसेस दुसरा याच्या मंदिराजवळ मातीच्या विटांच्या कमानदार कोठारांचे अवशेष उभे आहेत, इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातले. रोमनांचं श्रेय शोधाचं नाही. ज्वालामुखीची राख घातलेल्या काँक्रीटने त्यांनी कमानी आणि घुमट अवाढव्य केले, हे त्यांचं खरं काम, आणि ते कमी नाही. रोममधल्या पँथिऑन या मंदिराचा घुमट आतून सुमारे ४३ मीटर रुंद आहे.

पण फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट म्हणजे पँथिऑनची नक्कल, असं म्हणायचं असेल तर थांबा. प्रबोधनकाळातल्या ब्रुनेलेस्की या वास्तुविशारदाचा हा घुमट (१४२०-३६) अष्टकोनी, विटांचा, दुहेरी कवचाचा आहे आणि जमिनीपासून लाकडी आधार न उभारता चढवलेला आहे. पँथिऑन काँक्रीटचा, एकाच कवचाचा.

‘युरोप विसरला’ हेही तितकंच सैल विधान. विट्रुव्हियसचं सर्वात जुनं उपलब्ध हस्तलिखित इसवी सन ८००च्या आसपासचं आहे. म्हणजे कुणीतरी ते त्या ‘विसरलेल्या’ शतकांतच बसून उतरवून काढत होतं.

आणि पार्थेनॉन समोर ठेवून बांधायचं तर आधी तो पाहायला हवा ना? अथेन्स पंधराव्या शतकापासून ऑटोमन सत्तेखाली होतं. पल्लाडिओ या इटालियन वास्तुविशारदाने १५७०च्या आपल्या ग्रंथात प्राचीन इमारतींची मोजमापं दिली, पण ती मुख्यतः रोमन अवशेषांची; ग्रीसला तो कधी गेलाच नाही. स्टुअर्ट आणि रेव्हेट हे दोघे इंग्रज १७५१ मध्ये अथेन्सला पोचले, अथेन्सच्या प्राचीन इमारतींवरच्या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १७६२ मध्ये निघाला, आणि पार्थेनॉनची मोजमापं तर दुसऱ्या खंडात, त्या शतकाच्या शेवटाकडे. तोवर युरोपात ‘प्राचीन’ म्हणून जे बांधलं गेलं ते बहुतेक रोमचं होतं, तेही पुस्तकांतून गाळून आलेलं. बैठक नसलेले, थोराड, डोरिक या साध्या घाटाचे ग्रीक खांब पहिल्यांदा पाहिले तेव्हा अनेक जाणकारांना ते चक्क ओबडधोबड वाटले.

आता लोकशाही. अथेन्सची लोकसभा जमायची ती प्निक्स नावाच्या उघड्या टेकडीवर. डोक्यावर ना छप्पर, ना भोवती खांबांची रांग. खांबांच्या मंदिरात देवाची मूर्ती असायची.

अमेरिकेत थॉमस जेफरसनने व्हर्जिनियाच्या विधिमंडळासाठी नमुना निवडला तो दक्षिण फ्रान्समधल्या नीम गावच्या ‘मेझों कारे’ या रोमन मंदिराचा. हे मंदिर कुणाचं? सम्राट ऑगस्टसने दत्तक घेतलेल्या दोन वारसांना, गायस आणि ल्युशियस यांना अर्पण केलेलं. राजाला नुकतंच झुगारून दिलेल्या लोकांनी आपल्या सभागृहासाठी राजपुत्रांचं मंदिर उचललं! गंमत म्हणजे आराखडा ठरला तेव्हा जेफरसनने ते मंदिर डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं. क्लेरिसो या फ्रेंच चित्रकार-वास्तुविशारदाच्या रेखाटनांवरून आणि त्याच्याच मदतीने काम झालं, पॅरिसहून प्लास्टरचं मॉडेल बोटीने गेलं, आणि १७८७ मध्ये नीमला जाऊन जेफरसन त्या मूळ इमारतीकडे तासन्‌तास पाहत बसला. दरम्यान पानांच्या नक्षीची कोरिंथियन स्तंभशीर्षं (खांबांचे माथे) कोरायला अवघड म्हणून त्याने वेटोळ्यांची आयोनिक घेतली आणि कचेऱ्यांना उजेड हवा म्हणून भिंतींत खिडक्या काढल्या. मला तरी या इमारतीत प्रभावापेक्षा ही काटछाटच जास्त रोचक वाटते.

हेच खांब अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांच्या मालकांच्या हवेल्यांपुढे उभे राहिले आणि १९३७ मध्ये नाझींच्या म्युनिकमधल्या कलादालनापुढेही. खांबांना राजकीय मत नसतं, बांधून घेणाऱ्याला असतं.

आपला टाउन हॉल १८३३ मध्ये पुरा झाला. कर्नल थॉमस काउपरचा आराखडा, पुढे डोरिक खांब. स्टुअर्ट-रेव्हेटच्या खंडांनंतर इंग्लंडमध्ये ग्रीक पद्धतीची जी लाट आली, तिचं हे मुंबईतलं टोक. त्यामुळे ‘ग्रीक प्रभाव’ हे शब्द इथे तरी शोभतात. पण तेव्हा शहरावर ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य होतं, आणि त्या पायऱ्या चढून मत द्यायला जाणारा एकही मुंबईकर नव्हता.