अस्वल आलंय, पण माझी चेन अडकलीय

आर्क्टिकच्या मोहिमेवर गेलेल्या माणसाचा निम्मा वेळ कपडे चढवण्यात जातो आणि उरलेला ते उतरवण्यात. हिमनद्या, ज्वालामुखी, व्हेल वगैरे मंडळींना मधल्या फटीत बसवून घ्यावं लागतं. माहितीपत्रकात हे कुठेही छापलेलं नसतं. तिथे लाल जॅकेटातली हसरी माणसं हिमनगासमोर उभी असतात. ती माणसं त्या जॅकेटात शिरली कशी, याचा एकही फोटो नसतो.

आमची लेक ऑस्लोला असते. मी बँकेतून निवृत्त झालो, ते निमित्त साधून तिने आणि जावयांनी आम्हा दोघांना रेक्याविकहून सुटणाऱ्या एका लहानशा जहाजावर चढवून दिलं. आधी आइसलँडच्या वायव्येचे फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेले समुद्राचे चिंचोळे फाटे, मग यान मायेन नावाचं ज्वालामुखीचं बेट आणि शेवटी उत्तर ध्रुवाच्या वाटेवरचा स्वालबार्ड हा द्वीपसमूह. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या, हद्दीबाहेर आहे, म्हणून तिथून ऑस्लोला यायला दोनदा प्रवेशाचा व्हिसा लागतो, हे तिने दहा वेळा बजावलं. कपड्यांबद्दल मात्र फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, लेअर्स घाला."

तर ते लेअर्स. सगळ्यात आत मेरिनो लोकरीची बंडी आणि तसलीच तुमान. त्यावर फ्लीसचा सदरा आणि जाड पँट. पायमोज्यांचे दोन जोड, आतला पातळ आणि बाहेरचा जाड. मग पाणी न शिरणारी पँट, जहाजाने दिलेलं लाल जॅकेट, गळ्यात नळीसारखा मफलर, कानटोपी, हातमोज्यांचेही दोन जोड आणि सगळ्यांवर कडी म्हणून लाइफ जॅकेट. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट केबिनमध्ये ठेवायला परवानगी नव्हती. ते खालच्या डेकवर, बूट ठेवायच्या खोलीत. तिथे जाऊन बूट घालायचे आणि पँटचे पाय बुटांच्या बाहेरून खाली ओढायचे, म्हणजे लाटेचं पाणी बुटात उतरत नाही. आता, एवढं सगळं अंगावर असताना आणि छातीवर लाइफ जॅकेट असताना खाली वाकून दाखवा! मी प्रयत्न केला. माझा हात गुडघ्यापर्यंत पोचला आणि तिथेच संपला. शेवटी माझ्यापेक्षा बरीच वयस्कर अशी एक जर्मन बाई काही न बोलता वाकली आणि तिने माझे दोन्ही पाय नीट करून दिले. त्यानंतर ती रोजच करायची. आमची एका शब्दाची ओळख नव्हती.

केबिनमध्ये हीटर चालू. त्यामुळे पृथ्वीच्या टोकाला चाललेला माणूस दाराबाहेर पडायच्या आधीच घामाने चिंब होतो. बाहेरचं तापमान तसं घाबरवणारं नव्हतं. जुलैत स्वालबार्डला चार-सहा अंश असतात, म्हणजे पुण्यातली डिसेंबरची एखादी कडक पहाट. पण पुण्यात समोरून वारा हिमनदीवरून येत नाही आणि त्याच वेळी आपण रबरी होडीच्या काठावर बसलेलो नसतो.

शिवाय किनाऱ्यावर नैसर्गिक विधींना सक्त मनाई. सगळं जहाजावरच उरकून या, असं रोज सांगत. ही सूचना माझं मूत्राशय कधीही वेळेवर ऐकत नसे. शेवटची चेन गळ्यापर्यंत ओढून, हातमोजे चढवून मी "झालं एकदाचं" म्हटलं, की मगच ते जागं व्हायचं. बायको दारात तयार उभी. ती फक्त कपाळाला हात लावायची आणि मी पुन्हा बाहेरून आत सोलायला घ्यायचो.

स्वालबार्डला पाय लावण्याआधी आणखी एक संस्कार असतो. आपले कपडे आणि पिशव्या यांची तपासणी. परदेशी गवताचं एखादं बी तिथे पडून रुजलं तर पंचाईत, कारण हवा तापतेय आणि पूर्वी न जगणाऱ्या वनस्पतींना आता तिथे जगता येऊ शकतं. म्हणून लाउंजमध्ये व्हॅक्यूम क्लीनर, ब्रश आणि चिमटे घेऊन सगळे बसतात. माझी पाणी न शिरणारी पँट भाच्याकडून आणलेली, राजगडाच्या वाऱ्या केलेली. तिच्या वेल्क्रोत डच गाइड मुलीला कुसळं सापडली. तिने ती एकेक करून चिमट्याने उपटली. मग तिने खिसा उलटा केला आणि टेबलावर बडीशेप सांडली.

"हे बी आहे," ती म्हणाली.

"जेवणानंतर खातात," मी म्हणालो.

तिने मान डोलावली आणि व्हॅक्यूमची नळी खिशात घातली. आमची ही मराठीत पुटपुटली, "मी सांगत होते, पँट झटकून घ्या म्हणून. सगळ्या बोटीसमोर शोभा!"

बुटांचं तर विचारूच नका. होडीत बसण्याआधी बूट जंतुनाशकात बुडवायचे, परत आल्यावर घासून धुवायचे आणि पुन्हा बुडवायचे. माझ्या आजीचं सोवळं याच्यापुढे ढिलं म्हणावं लागेल.

पण मी सांगतोय त्या छळाचं मर्म वेगळंच आहे. निसर्गाचं आणि माझ्या चेनचं वैर होतं. मी सर्वांगाने सज्ज असलो की काहीही दिसत नसे, आणि दिसायची वेळ आली की मी अर्धा सोललेला असे.

यान मायेनचंच घ्या. आइसलँडपासून साडेपाचशेहून अधिक किलोमीटरवर, भर समुद्रात हे बेट. मूठभर नॉर्वेजियन कर्मचारी सोडले तर वस्ती नाही. त्यावर बेरेनबर्ग हा २,२७७ मीटर उंचीचा, हिमनद्यांनी झाकलेला ज्वालामुखी. समुद्रसपाटीच्या वर असलेल्या जागृत ज्वालामुखींमध्ये जगात सगळ्यात उत्तरेचा. शेवटचा उद्रेक १९८५ मधला. तिथे पोचेपर्यंत समुद्राने आमचं पोट असं काही घुसळलं होतं की जेवणघरात आल्याचा चहा आणि हिरवी सफरचंदं एवढंच खपत होतं. जहाजामागे फुल्मार पक्षी पंख न हलवता तरंगत होते. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

सकाळी उतरण्याची घोषणा झाली. सगळे थर चढवून, बूट बुडवून आम्ही रांगेत उभे राहिलो. घाम गळू लागला. तेवढ्यात मोहीमप्रमुखांचा प्रसन्न आवाज आला: किनाऱ्यावर लाटा फार आहेत, आता आपण योजना 'ब' कडे वळू. अशा जहाजांवर योजना 'अ' बहुधा छापण्यापुरतीच असते. परत केबिन, परत सोलणं. ज्वालामुखी म्हणाल तर ढगाखाली काळ्या लाव्ह्याचा पाया तेवढा दिसत होता. वर काय आहे ते नॉर्वे सरकारलाच ठाऊक.

रात्री जेवण आटोपून मी लेंगा घालून आडवा झालो. रात्री म्हणजे घड्याळात. सूर्य तसाच खिडकीत. तोच घोषणा: शिखर उघडलंय, ताबडतोब डेकवर या! मी लेंग्यावर लाल जॅकेट ओढलं आणि पळालो. समोर तो अजस्र पांढरा सुळका, सगळा मोकळा, सोनेरी उन्हात, बर्फाच्या जिभा थेट समुद्रापर्यंत लोंबलेल्या. माझा लेंगा वाऱ्याने फडफडत होता. शेजारी एक गृहस्थ अंघोळीच्या गाउनमध्ये होते. आम्ही दोघांनी एकमेकांच्या पायांकडे अजिबात न बघता तो पर्वत पाहिला. काही मिनिटांत ढगांनी पडदा टाकला.

स्वालबार्डला अस्वलाच्या बाबतीत हेच झालं, फक्त उलट्या बाजूने. तिथला नियम असा, की गाइड बंदुका घेऊन आधी किनारा तपासतात आणि अस्वल दिसलं तर उतरणं रद्द. म्हणजे ज्याला बघायला एवढ्या लांब आलो, तो आला म्हणून कार्यक्रम रद्द! त्यात २०२५ पासून अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहण्याचा कायदा आहे. मार्च ते जून तर ५००. कायदा योग्यच आहे. तिथलं अस्वल १९७३ पासून संरक्षित आहे आणि आपल्याला चुकवायला पळत सुटण्याची तसदी त्याला द्यायचं कारण नाही. पण ३०० मीटरवरून अस्वल म्हणजे पिवळट ठिपका, आणि त्या किनाऱ्यावर पिवळट दगडही पुष्कळ. वरच्या डेकवर अर्धं जहाज दुर्बिणी लावून एका दगडावर वाद घालत होतं. मी त्या वेळी खाली, बुटांच्या खोलीत. मफलरचं टोक जॅकेटच्या चेनमध्ये गिळलं गेलेलं, चेन हनुवटीखाली ठप्प, मान वर, नजर छताकडे.

जिन्यावरून बायकोची हाक आली, "अहो, लवकर या, अस्वल आलंय! दगड हलला!"

"माझी चेन अडकलीय!"

"मग जॅकेट काढून या!"

"काढायलाच चेन उघडावी लागते!"

एका फिलिपिनो खलाशाने ओठांना लावायचं मलम चेनला चोळून मला सोडवलं. वर पोचलो तेव्हा अस्वल टेकाडापलीकडे निघालं होतं. मला त्याची पाठमोरी बाजू दिसली. गरजेपुरती.

वॉलरस मात्र खरा सज्जन प्राणी. स्वालबार्डमधल्या पूलेपिंटनच्या वाळूवर ढीग करून पडलेले. आम्ही वाऱ्याची दिशा सांभाळत, एका रांगेत, न बोलता जवळ सरकलो. तरी वास आलाच, आणि तो शब्दांत न मांडणंच बरं. बर्फाच्या पाण्यातून नुकता बाहेर आलेला वॉलरस फिक्कट राखाडी दिसतो. ऊब लागली की कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि तो गुलाबी होतो. समोर चार अंशांत, उघड्या अंगाने, उकाड्याने गुलाबी झालेला तो प्राणी वल्ह्यासारख्या पायाने पोट खाजवत होता. मी सगळ्या थरांत कुडकुडत होतो. त्याने एकदा डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि मिटला.

घरच्यांनी फोटो पाहिल्यावर प्रश्न एकच: यात तुम्ही कोणते? स्वालबार्डमधल्या नी-ओलेसुंद या वस्तीत भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र आहे, २००८ पासून. त्याच्यासमोर आम्ही अभिमानाने फोटो काढला. (तिथल्या संवेदनशील उपकरणांसाठी फोनचं वायफाय, ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं.) फोटोत तीन लाल पिंपं आहेत. एक मी, एक ही आणि तिसरं कोण ते आजवर कळलेलं नाही.

ही अडचण जुनीच आहे म्हणे. १५९६ मध्ये बारेंट्स या डच दर्यावर्द्याने स्वालबार्ड शोधलं, मग सतराव्या शतकात व्हेलच्या शिकारीला डच लोक इथे लोटले. १९८० मध्ये त्यांच्या काही कबरी उकरल्या, तेव्हा सांगाड्यांच्या डोक्यांवर विणलेल्या लोकरी टोप्या निघाल्या, प्रत्येकीचे पट्टे वेगळे. थंडीत फक्त डोळे दिसायचे म्हणून खलाशी एकमेकांना टोपीच्या पट्ट्यांवरून ओळखत. त्यातल्या काही टोप्या आज ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहेत. संध्याकाळच्या व्याख्यानात हे ऐकल्यावर बायकोने रात्रीच पर्समधून जुन्या साडीचा हिरवा काठ काढला आणि माझ्या टोपीला टाचला. दुसऱ्या दिवसापासून आख्खं जहाज मला ओळखू लागलं.

शेवटचा मुक्काम लाँगयिअरबिएन. हे एके काळचं कोळसा खाणीचं गाव; तिथली शेवटची खाण २०२५ मध्ये बंद झाली. खाणकामगारांच्या बुटांची काजळी घरात येऊ नये म्हणून पडलेली बूट काढायची पद्धत तिथे अजून पाळतात, संग्रहालयातसुद्धा. आम्ही बूट काढून मोज्यांवर आत गेलो. आत पेंढा भरलेलं पांढरं अस्वल उभं. हातभर अंतरावर, एकही नियम न मोडता. मी चष्मा पुसून नीट बघायला लागलो, तर बायको त्याच्याकडे न बघता माझ्या पायांकडे बघत होती.

"अहो, डाव्या पायातला मोजा माझा आहे."

"असेल."

"असेल काय? वॉलरसच्या दिवसापासून शोधतेय मी तो. काढा आधी."

"इथे? अस्वलासमोर?"

"ते काही बघत नाही. काढा."