‘निर्दोष असते तर केव्हाच सुटले असते’ या दाव्याचा प्रतिवाद

गडचिरोली-चंद्रपूरकडील गावांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, आपल्या देशात राजकीय कैदी नाहीतच; यूएपीए म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली वर्षानुवर्षे आत असलेले लोक निर्दोष असते तर न्यायालयाने त्यांना केव्हाच सोडले असते; आणि त्यांच्या सुटकेसाठी सह्या गोळा करणारे आमच्यासारखे लोक नक्षलवाद्यांची पाठराखण करतात.

यातला मधला दावा लोकांना चटकन पटतो, म्हणून तो आधी घेतो. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या एकाच खटल्यात एटापल्ली तालुक्यातील पांडू नरोटे या आदिवासी शेतकऱ्याला २०१३ मध्ये आणि दिल्ली विद्यापीठातील प्रा. जी. एन. साईबाबा यांना २०१४ मध्ये अटक झाली. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये दोघांनाही जन्मठेप सुनावली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्व आरोपींना सोडले. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने खास बसून त्या निकालाला स्थगिती दिली. फेरसुनावणीनंतर ५ मार्च २०२४ रोजी खंडपीठाने पुन्हा सर्वांना निर्दोष ठरवले. खटल्याला दिलेली सरकारी मंजुरी वैध नव्हती आणि जप्तीचा पुरावाही शाबीत झाला नाही, असा तो निकाल आहे. नरोटे मात्र पहिल्या निकालाच्या सात आठवडे आधीच, २५ ऑगस्ट २०२२ रोजी, कैदेत असताना नागपुरात मरण पावले होते. नव्वद टक्के अपंग असलेले साईबाबा सुटकेनंतर सुमारे सात महिन्यांनी वारले. ‘केव्हाच’ म्हणजे नेमके केव्हा, हे त्या मजकूरकर्त्याने नरोटे यांच्या घरच्यांना सांगावे.

जामिनाचेही तसेच आहे. यूएपीएच्या कलम ४३ड(५) नुसार पोलिसांच्या कागदांवरून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला, की जामीन नाकारावा लागतो. साक्षीदारांची उलटतपासणी व्हायला पुढे कित्येक वर्षे जातात. नागपूरच्या प्राध्यापिका शोमा सेन यांना भीमा-कोरेगाव प्रकरणात ६ जून २०१८ रोजी अटक झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये, आरोप प्रथमदर्शनीही खरा दिसत नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. मधली जवळजवळ सहा वर्षे त्यांनी तुरुंगात काढली, आणि तोवर त्या खटल्यात आरोपनिश्चितीसुद्धा झाली नव्हती.

राजकीय कैदी नसतातच, हा दावा तर महाराष्ट्र शासनालाच मान्य नसावा, कारण आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांना मासिक मानधन देण्याचा निर्णय याच शासनाने २०१८ मध्ये घेतला.

राहिला पाठराखणीचा आरोप. १ मे २०१९ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील जांभूळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी घडवलेल्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस आणि एक वाहनचालक मारले गेले. त्यांच्या घरांत जे दुःख आहे ते आमचेही आहे, आणि गुन्हा शाबीत झालेल्याला शिक्षा होऊ नये असे आम्ही कुठेही म्हटलेले नाही. परंतु एटापल्लीकडच्या बाईला तुरुंगातल्या नवऱ्याच्या भेटीसाठी तेंदूपत्त्याच्या हंगामातली मजुरी बुडवून, एसटी बदलत नागपूर गाठावे लागते, आणि काचेपलीकडच्या माणसाशी काही मिनिटे माडिया भाषेत बोलून परतावे लागते. त्या माणसाचा खटला सुरूच झालेला नसेल, तर तिने कोणाकडे दाद मागायची? आमच्या मागण्या म्हणूनच साध्या आहेत: खटला दीर्घकाळ रखडलेल्यांना जामीन द्यावा, सुनावणी रोजच्या रोज चालवावी, गोंडी-माडिया जाणणारा दुभाषा प्रत्येक तारखेला हजर ठेवावा, आणि आजारी कैद्याला प्रकृती हाताबाहेर जाण्याआधी रुग्णालयात न्यावे.