‘जास्त वॉटचा चार्जर बॅटरी जाळतो’: फिरत्या मेसेजची उलटतपासणी

मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून डोकं वर काढतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लॅपटॉपचा ६५ वॉटचा चार्जर फोनला लावला तर बॅटरी जळते, वॉट जितके जास्त तितका फोन लवकर भरतो, टाइप-सी केबल सगळ्या सारख्याच, स्वस्तातली घ्या, कंपनीचा नसलेला चार्जर म्हणजे डुप्लिकेट, आणि रात्रभर लावून ठेवला तर स्फोट ठरलेला.

पहिले दोन मुद्दे एकाच गैरसमजातून आलेत. चार्जर फोनमध्ये वीज कोंबतो, असं लिहिणाऱ्याने धरलंय. प्रत्यक्षात करंट किती घ्यायचा ते फोन ठरवतो. एसीच्या १६ अँपियरच्या पॉइंटवर झिरोचा बल्ब लावला म्हणून तो फुटत नाही, तसंच हे. जपायचं असतं ते व्होल्टेजला, आणि टाइप-सीमध्ये तेही बोलणी झाल्याशिवाय वाढत नाही. टाइप-सी तोंडाचा नीट बनवलेला चार्जर समोर उपकरण आहे हे कळेपर्यंत काहीच देत नाही. मग ५ व्होल्ट सोडतो आणि आपली यादी सांगतो: ५, ९, १५, २० व्होल्ट. फोन त्यातलं आपल्याला झेपणारं मागतो. न मागणाऱ्याला ५ व्होल्टच मिळतात. त्यामुळे यूएसबी पॉवर डिलिव्हरीचा (या बोलणीच्या पद्धतीचं नाव) ६५ वॉटचा चार्जर २० वॉटच्या फोनला खुशाल लावा.

मेसेजची भीती एका जागी मात्र खरी आहे: गोल पिनचे जुने टॅब. तिथे बोलणी वगैरे काही नसतं. ५ व्होल्टच्या टॅबमध्ये राउटरची १२ व्होल्टची पिन बसली, तर आतलं सर्किट जातं. गोल पिनला व्होल्टेज आणि पिनची ध्रुवता (प्लस-मायनस कुठे ते) तंतोतंत जुळायला हवी. अँपियर जास्त असले तरी चालतात.

आता ‘जास्त वॉट म्हणजे जलद’. चार्जरवर ठळक छापलेला आकडा नव्हे, त्याखालची आउटपुटची बारीक ओळ वाचा. सॅमसंगच्या २५ वॉटवाल्या फोनला पीपीएस लागतं, म्हणजे व्होल्टेज बारीक पायऱ्यांनी कमी-जास्त करणारी सोय. त्या ओळीत ‘३.३ ते ११ व्होल्ट’ असा पट्टा दिसला तर पीपीएस आहे. नसेल तर ६५ वॉटच्या चार्जरवरही तो फोन साधारण १५ वॉटच्या आसपास रेंगाळतो. वनप्लस, ओप्पो, रिअलमी यांची स्वतःची पद्धत आहे. पूर्ण वेगासाठी त्यांचा चार्जर लागतोच, शिवाय केबलही त्यांचीच. उलट त्यांचे काही चार्जर दुसऱ्या ब्रँडच्या फोनला ५ व्होल्ट २ अँपियर, म्हणजे १० वॉटच देतात. दोन तोंडांच्या चार्जरचे वॉट वाटले जातात, आणि दुसरी केबल खोचली की पहिल्या फोनचं चार्जिंग क्षणभर तुटून पुन्हा जुळतं. तो बिघाड नव्हे, नव्याने बोलणी चाललेली असतात.

टॅबचा हिशोब वेगळा. १०,००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे ३८ वॉट-तास. जुन्या ५ वॉटच्या चार्जरवर आठ तास नुसत्या गणितात जातात, गळती धरून नऊ-दहा. टॅबला २० वॉटच्या खाली जाऊ नका.

केबलबद्दलचा मुद्दा सर्वांत चुकीचा, आणि घोटाळाही इथेच जास्त होतो. तार जितकी बारीक तितका व्होल्टेज वाटेत पडतो. २८ गेजच्या एक मीटर केबलमधून २ अँपियर नेले तर जाऊन-येऊन सुमारे ०.८५ व्होल्ट गळतात. ५ निघालेले फोनपर्यंत ४.१५ पोचतात, आणि फोन मग करंट आखडता घेतो. २४ गेजमध्ये हीच गळती ०.३४. (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड.) दोन मीटरची केबल घेतलीत की गळती दुप्पट. पलंगापर्यंत पोचणारी लांब केबल हवीच असेल तर जाड घ्या. ३ अँपियरच्या पुढे, म्हणजे ६० वॉटच्या वर, केबलच्या टोकात ओळख सांगणारी चिप लागते. ती नसली तर चार्जर १०० वॉटचा असूनही ६० वरच थांबतो. सॅमसंगचे ४५ वॉटही ३ अँपियरच्या पुढे जातात, म्हणून त्यालाही ५ अँपियरचीच केबल हवी.

स्वस्त नेकबँड किंवा ट्रिमर सी-टू-सी (दोन्ही टोकांना टाइप-सी) केबलवर चार्ज होत नसेल तर केबलला दोष देऊ नका. बनवणाऱ्याने ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात, म्हणून चार्जरला समोर कोणी आहे हेच कळत नाही. जुन्या चपट्या यूएसबीतून निघणारी ए-टू-सी केबल लावा.

‘कंपनीचाच घ्या’ यात तथ्य अर्धं. इतर चांगल्या ब्रँडचे चार्जर निर्धास्त वापरा, फक्त त्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि ‘आर’ अक्षरानंतरचा आठ आकडी नंबर पाहा. हा नंबर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दुकानात उभ्या उभ्या हे करता येतं. लोकलच्या डब्यात पन्नास-शंभरला मिळणाऱ्या चार्जरवर तो नंबर बहुतेक नसतोच. खरा धोका आतल्या एका छोट्या कपॅसिटरचा. २३० व्होल्टची बाजू आणि फोनची बाजू यांच्यामध्ये वाय-वर्गाचा कपॅसिटर लागतो. तो बिघडला तरी शॉर्ट होऊ नये असाच बनवलेला असतो. नकली चार्जरमध्ये तिथे साधा टाकतात. तो शॉर्ट झाला की घरातली वीज थेट फोनच्या धातूच्या कडेवर येते. चांगल्या दोन पिनी चार्जरवरही कधी हलक्या झिणझिण्या येतात, ती परवानगीतली गळती. झटका बसला तर मात्र चार्जर फेकून द्या.

रात्रभराचं एवढंच: बॅटरी भरली की फोनच चार्जिंग थांबवतो. उशीखाली ठेवू नका, उष्णता बॅटरीचं आयुष्य खाते. ८० टक्क्यांची मर्यादा लावायची सोय असेल तर लावा.

मुंबईत केबल ज्याने खराब होतात, तो ओलावा मेसेजमध्ये नाहीच. पावसात भिजलेल्या पोर्टमध्ये केबल खोचली तर विजेची पिन गंजून काळी पडते. फोनने ओलावा असल्याचा इशारा दिला तर तोंड खाली धरून हलका झटका, मग पंख्याखाली काही तास. हेअर ड्रायर नको, तांदळाचा डबाही नको. केबलच्या टोकात काळी किंवा हिरवट पिन दिसली तर ती केबल घरातल्या दुसऱ्या फोनला लावू नका, त्याचाही पोर्ट खराब होऊ शकतो.