निष्ठेचा पेच नेमका कुणाचा?

अमेरिकेतील यादवी युद्धापूर्वीच्या दशकावरच्या कादंबऱ्या मी अनेक वर्षे आवडीने वाचत आले आहे आणि त्यांतली एक गोष्ट मला सतत सलत राहिली आहे. दुभंगलेली निष्ठा हा त्यांचा लाडका विषय; पण दुभंगतो तो बहुधा गोरा मालक नाहीतर सेनाधिकारी. १८६१च्या एप्रिलमध्ये आपले व्हर्जिनिया राज्य फुटून निघाल्यावर सेनाधिकारी रॉबर्ट ली यांनी संघराज्याच्या सैन्याचा राजीनामा दिला, तशा घालमेलीला पानेच्या पाने मिळतात. मळ्यावरच राहिलेला गुलाम मात्र ‘खाल्ल्या मिठाला जागणारा’ म्हणून दोन ओळींत उरकला जातो. मीठ कोण कुणाच्या घामाचे खात होते, हे कुणी विचारत नाही. आणि तो मालकासाठी थांबला की म्हाताऱ्या आईला सोडवेना म्हणून, हेही नाही.

मार्गारेट गार्नर या गुलाम स्त्रीचे उदाहरण घ्या. १८५६च्या जानेवारीत ओहायो नदी गोठली असताना ती नवरा, चार मुले आणि सासू-सासऱ्यांसह केंटकीतून बर्फावरून चालत सिनसिनाटीला पोहोचली. पलीकडच्या तीरावर गुलामगिरी नव्हती, पण पळालेल्या गुलामांना परत धाडण्याच्या १८५०च्या कायद्याने मालकाचा हात तिथवर पोहोचवला होता. हा कायदा असा की, गुलामाला मालकाच्या स्वाधीन केले तर निवाडा करणाऱ्या आयुक्ताला १० डॉलर मिळत आणि सोडून दिले तर ५. पकडायला आलेल्यांनी घर वेढले तेव्हा मार्गारेटने आपल्या लहानग्या मुलीच्या गळ्यावर सुरी चालवली. पुढे गुलामगिरीचे विरोधकच मागणी करू लागले की तिच्यावर खुनाचा खटला भरा, कारण खुनाचा आरोप माणसावर ठेवता येतो, मालमत्तेवर नाही. ती मालमत्ताच ठरली आणि तिला परत पाठवण्यात आले.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील लोकांना अर्पण केली, त्यामुळे हा विषय मराठी वाचकाला परका नाही. म्हणूनच या काळावर मराठीत लिहू पाहणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, मालकाची तळमळ आता पुरे झाली. मार्गारेटची सासू त्या वेळी त्याच घरात होती. आठ मुलांची आई, त्यांतली बहुतेक तिच्यापासून तोडलेली. तुरुंगात भेटायला आलेल्या एका धर्मोपदेशकाला तिने सांगितले, की सुनेला आपण उत्तेजन दिले नाही आणि अडवलेही नाही. मला त्या म्हातारीच्या तोंडून ही कथा ऐकायची आहे.