केन रिजला सगळे एका मेजावर बसले नव्हते

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला तीनदा आला. आधी नागपुरातल्या सदर भागातल्या मित्राकडून, मग मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, गटावर एका काकूंकडून, आणि परवा चक्क पुतण्याकडून, जो रविवारी उपासनेला यायचे म्हटले की पांघरूण ओढून घेतो. मजकूर थोडक्यात असा: 1801 साली अमेरिकेतल्या केन रिज नावाच्या खेड्यात मेथडिस्ट पंथाच्या लोकांनी जगातली पहिली संजीवन सभा, म्हणजे विश्वास जागवणारी मोठी धर्मसभा, भरवली. 25 हजार लोक आले, सगळ्यांचे तारण, म्हणजे पापातून उद्धार, झाले. आत्म्याच्या सामर्थ्याने लोक झाडाखाली भुंकले आणि सैतान झाडावर चढून पळाला. त्याच आठवड्यात पंथभेद मिटून सगळ्या मंडळ्या एक झाल्या. सातव्या दिवशी देवाने विश्राम सांगितला म्हणून सभा संपली. खाली ‘सभेचा मूळ फोटो’, आणि शेवटी पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, टोमणा: ‘नागपूरच्या पाळकांनो, तुम्हाला हे का जमत नाही?’

टोमणा मारला नसता तर मी गप्प बसलो असतो.

फोटोचे आधी उरकतो. फोटो काढण्याची कला जगापुढे आली 1839 मध्ये. 1801 च्या सभेचा फोटो असूच शकत नाही. मेसेजमधले ते चित्र आहे, हाताने काढलेले.

आता ‘जगातली पहिली’. केन रिज हे केंटकी राज्यातल्या बोर्बन परगण्यातले ठिकाण. तिथे 1791 मध्ये लाकडी ओंडक्यांचे प्रार्थनामंदिर बांधले गेले होते. 1801 मध्ये तिथला पाळक होता बार्टन स्टोन, वय अवघे 28. त्याच वर्षी तो राज्याच्या दुसऱ्या टोकाला लोगन परगण्यात जाऊन आला होता, कारण जेम्स मॅकग्रेडी या पाळकाच्या मंडळ्यांमध्ये अशा सभा आदल्या वर्षीच, म्हणजे 1800 च्या जून-जुलैत, रेड रिव्हर आणि गॅस्पर रिव्हरला झाल्या होत्या. तिथे तशा सभा स्टोनने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या आणि मग आपल्या गावी तसे काही करायचे ठरवले. मध्ये 2 जुलैला त्याचे लग्न झाले आणि नव्या नवरीला घेऊन तो घाईघाईने केन रिजला परतला, सभेची तयारी करायची होती म्हणून.

आणि मॅकग्रेडीचाही हा शोध नव्हे. ही पद्धत स्कॉटलंडची. तिथल्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या मंडळ्यांत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत मेजावर बसून भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, दर रविवारी नसायचे. वर्षातून एकदा-दोनदाच, आणि ते चार-पाच दिवस चालायचे. आधी उपवासाचा दिवस, शनिवारी तयारीचे उपदेश, रविवारी मेज, सोमवारी उपकारस्तुती. आजूबाजूच्या गावांतून लोक चालत यायचे, मंदिरात मावायचे नाहीत, मग उपदेश उघड्यावर. 1742 मध्ये कॅम्बसलँगला अशी प्रचंड सभा झाली होती, केन रिजच्या 59 वर्षे आधी. नागपूरकरांना स्कॉटलंड काही परके नाही: 1845 मध्ये इथे आलेला स्टीफन हिस्लॉप त्याच प्रेस्बिटेरियन परंपरेतला. ज्याच्या नावाच्या कॉलेजात आपली अर्धी मंडळी शिकली, त्याच्या घरचीच ही रीत.

म्हणजे लोक केन रिजला मुळात आले ते प्रभुभोजनाला. हा मुद्दा नीट धरून ठेवा, पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

‘मेथडिस्टांनी भरवली’ हे तर सरळ उलटे आहे. यजमान प्रेस्बिटेरियन होते; त्यांचे 18 च्या आसपास पाळक हजर होते. मेथडिस्ट आणि बाप्टिस्ट उपदेशकही आले. पण मेथडिस्टांची अवस्था काय होती, ते विल्यम बर्क या त्यांच्याच उपदेशकाने लिहून ठेवले आहे. रविवारी सकाळी तो वाट पाहत राहिला की आपल्याला कुणी बोलायला बोलावेल. कुणी बोलावले नाही. शेवटी तो एका पडलेल्या झाडाच्या खोडावर चढला, कुणीतरी काठीला छत्री बांधून त्याच्या डोक्यावर धरली, आणि त्याने सुरुवात केली. बघता बघता भोवती हजारोंची गर्दी. लग्नघरात आमंत्रण नसलेल्या पाहुण्याने मांडवाबाहेर उभे राहून मंगलाष्टके म्हणावीत आणि अर्धे वऱ्हाड तिकडे वळावे, तसला प्रकार. याला आयोजन म्हणत असाल तर म्हणा.

आकड्यांबद्दल मेसेज पूर्ण खोटा नाही. स्टोनने स्वतः लिहिले आहे की तिथल्या फौजी अनुभवाच्या लोकांचा अंदाज 20 ते 30 हजारांचा होता. आजचे अभ्यासक साधारण 10 ते 25 हजार धरतात. 1800 च्या जनगणनेत अख्ख्या केंटकीची लोकसंख्या सुमारे 2 लाख 21 हजार होती आणि लेक्सिंग्टन या तिथल्या सर्वांत मोठ्या शहरात 1,800 लोकसुद्धा नव्हते. त्या मानाने 10 हजार म्हटले तरी डोळे फिरावेत. गर्दीचा अंदाज हा नेहमी गर्दीतल्या माणसाचा असतो. 1956 च्या दीक्षाभूमीवरच्या गर्दीचा आकडासुद्धा वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळा सापडतो.

पण ‘सगळ्यांचे तारण झाले’? मेजावर प्रत्यक्ष बसलेल्यांचे त्या वेळचे अंदाज साडेसातशे ते अकराशे एवढेच आहेत. बाकीचे? पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडई, म्हणजे जत्रा, भरते तेव्हा सगळेच नाटक बघायला येतात का? कुणी सोयरीक जमवायला, कुणी खरेदीला, कुणी नुसते मिरवायला. केन रिजच्या कडेला व्हिस्की विकणारेही होते. आणि काळ्या गुलामांचा जमाव वेगळा, थोडा दूर, त्यांच्यातल्याच उपदेशकाचे ऐकत उभा होता. खुद्द मंदिरात त्यांच्यासाठी माळ्यावर जागा होती आणि तिथे चढायला बाहेरून शिडी. ही शिडी मेसेजमध्ये नाही.

भुंकण्याची गोष्ट मला सगळ्यांत आवडते, कारण ती कशी जन्मली ते स्टोनने सांगून ठेवले आहे. लोकांना झटके यायचे, माणसे कोसळायची, तासन्‌तास निपचित पडून राहायची; हे खरे, त्याने स्वतः पाहिले. जोराचा झटका आला की छातीतून हुंकारासारखा आवाज निघायचा. तो ऐकून काहींनी त्याला भुंकणे म्हटले. पूर्व टेनेसीतला एक म्हातारा प्रेस्बिटेरियन पाळक एकांतात प्रार्थना करायला रानात गेला होता, तिथे त्याला झटके सुरू झाले. पडू नये म्हणून त्याने एक रोपटे घट्ट धरले. मान मागे फेकली जायची आणि घशातून आवाज निघायचा. कुणा टवाळाने त्याला तशा स्थितीत पाहिले आणि गावात येऊन सांगितले की पाळकबुवा झाडाकडे बघून भुंकत होते. झाले. दोनशे वर्षांनी ते भुंकणे सैतानासकट आमच्या मोबाइलवर. ज्याने थट्टा केली तो टवाळ, आणि ज्यांनी ती साक्ष म्हणून फॉरवर्ड केली ते आपण.

आता मुख्य मुद्दा, पंथभेद मिटल्याचा. झाडाखाली उपदेश करताना कुणी कुणाला अडवले नाही, हे खरेच विलक्षण होते. पण मेजाशी आल्यावर? स्कॉटिश रिवाजात मेजावर बसण्याआधी पाळक विश्वासणाऱ्याची पारख करून त्याला शिशाचा छोटा बिल्ला द्यायचे. बिल्ला नाही तर मेज नाही. मेथडिस्ट प्रभुभोजनाला बसले. बाप्टिस्ट मात्र उपदेश करूनही मेजापासून दूर राहिले, कारण बालपणी शिंपडलेले पाणी त्यांच्या लेखी बाप्तिस्माच नव्हता.

आणि नंतर तर फाटाफूटच झाली. 1803 मध्ये स्टोन आणि त्याचे साथीदार प्रेस्बिटेरियन व्यवस्थेतून बाहेर पडले. त्यांनी काढलेली स्प्रिंगफील्ड प्रेस्बिटरी, म्हणजे मंडळ्यांचा कारभार पाहणारी पाळकांची सभा, 28 जून 1804 ला त्यांनीच मोडली, आणि तीही चक्क मृत्युपत्र लिहून. 1805 मध्ये शेकर पंथाचे तीन प्रचारक आले आणि स्टोनचे दोन साथीदार पाळक घेऊन गेले. आणखी दोघे परत प्रेस्बिटेरियन झाले. मॅकग्रेडीच्या भागात 1810 मध्ये कंबरलँड नावाचा वेगळाच प्रेस्बिटेरियन पंथ निघाला. एका सभेनंतर दहा वर्षांत एकाचे चार झाले.

काकूंना मी हेच म्हटले: नागपूरच्या पाळकांना टोमणा मारण्याआधी नागपूरचा इतिहास बघा. स्टोनचे अनुयायी 1832 मध्ये अलेक्झांडर कॅम्बेलच्या लोकांना मिळाले आणि पुढे ‘डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट’ म्हणून ओळखले गेले. त्यांचे मिशनरी 1882 मध्ये भारतात आले. हरदा, मग 1885 मध्ये बिलासपूर, आणि पुढे मुंगेली. हा सगळा तेव्हाचा मध्य प्रांत, राजधानी नागपूर. त्याच मुलखात शिवनाथ नदीतल्या मदकू बेटावर 1909 पासून दर फेब्रुवारीत मसीही मेळा भरतो, वेगवेगळ्या मिशनच्या मंडळ्या एकत्र येऊन.

आणि 29 नोव्हेंबर 1970 ला इथे, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्या सहांत स्टोनच्या वारशाचे डिसायपल्स होते, हिस्लॉपच्या परंपरेचे प्रेस्बिटेरियन युनायटेड चर्चमधून आले होते, आणि केन रिजच्या मेजापासून दूर राहिलेल्यांचे भाऊबंद बाप्टिस्टही होते. बालबाप्तिस्मा आणि प्रौढ बाप्तिस्मा दोन्ही चालतील, असे ठरले तेव्हा ते आले. हे ठरवायला बैठका सुरू झाल्या 1929 मध्ये, लखनौला. 41 वर्षे मसुदे, दुरुस्त्या, मतदान. तरीही अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्टांनी अगदी शेवटच्या काही महिन्यांत माघार घेतलीच. यात कुणी कोसळले नाही, कुणी भुंकले नाही, म्हणून त्याचा मेसेज होत नाही.

राहिला सातव्या दिवसाचा विश्राम. सभा ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी सुरू झाली आणि सहा-सात दिवस-रात्र चालली. ती आणखी चालली असती, असे स्टोन लिहितो; पण एवढ्या लोकांना पुरेल असे अन्न आसपासच्या वस्तीत उरले नव्हते.