आरसी फिल्टरला गाळणी म्हणणाऱ्या टिपणाचा प्रतिवाद

डिप्लोमाच्या आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांमध्ये परीक्षेच्या तोंडावर आरसी फिल्टरवरचे एक छोटे टिपण हातोहात फिरत असते. त्यातला मजकूर थोडक्यात असा: आरसी लो-पास फिल्टर, म्हणजे एक रेझिस्टर (आर) आणि एक कपॅसिटर (सी) यांचे सर्किट, ही सिग्नलची गाळणी आहे, कटऑफ या ठराविक वारंवारतेच्या खालच्या वारंवारता जशाच्या तशा पुढे जातात आणि वरच्या अडवल्या जातात, अडवलेला भाग कपॅसिटर शोषून घेतो, सिग्नलची उंची तेवढी कमी होते, बाकी काही बदलत नाही, रेझिस्टर आणि कपॅसिटर कोणत्याही किमतीचे घ्या, दोघांचा गुणाकार तोच राहिला की फिल्टर तोच, आणि एका फिल्टरने भागले नाही तर तसाच दुसरा त्याच्या पुढे जोडा, कटऑफ तिथेच राहून धार दुप्पट होते. टिपण पाठ करायला सोपे आहे आणि तोंडी परीक्षेत त्यावर वेळ मारून नेता येते, म्हणून ते टिकून आहे. पण हीच मुले पुढे स्वतःचे सर्किट बांधतात तेव्हा या पाचही वाक्यांनी त्यांना अडचणीत आणलेले मी अनेकदा पाहिले आहे, म्हणून एकेका वाक्याचे उत्तर येथे देत आहे.

उदाहरण एकच धरू. १ किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे तपकिरी, काळा, लाल पट्ट्यांचा, आणि '१०४' असे छापलेला सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा. रेझिस्टर सिग्नलच्या वाटेत, कपॅसिटर त्याच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडला, आणि आउटपुट कपॅसिटरवर. कटऑफ म्हणजे १ भागिले (२ × पाय, म्हणजे ३.१४, × आर × सी), आणि या जोडीसाठी तो सुमारे १५९२ हर्ट्झ येतो. टिपणात हे सूत्र दिलेले आहे आणि ते बरोबर आहे. चूक आहे ती त्या संख्येचा अर्थ लावण्यात.

फंक्शन जनरेटरवरून १ व्होल्टची साइन वेव्ह द्यावी आणि वारंवारता बदलत आउटपुट मोजत जावे. १५९ हर्ट्झला ०.९९५ व्होल्ट मिळतात, ७९६ हर्ट्झला ०.८९४, १५९२ हर्ट्झला ०.७०७, ३१८३ हर्ट्झला ०.४४७, आणि १५.९ किलोहर्ट्झला जवळजवळ ०.१ व्होल्ट. या आकड्यांत कुठेही पायरी नाही. कटऑफच्या निम्म्या वारंवारतेलाच सिग्नल दहा टक्क्यांहून अधिक घटलेला आहे, म्हणजे 'जसेच्या तसे' हे शब्द तिथेच खोटे ठरतात. आणि कटऑफच्या दुप्पट वारंवारतेलाही पंचेचाळीस टक्के सिग्नल शिल्लक आहे, म्हणजे 'अडवले जातात' हेही खरे नाही. कटऑफ ही केवळ ठरवलेली खूण आहे: तिथे आउटपुटची शक्ती निम्मी होते, डेसिबेलच्या भाषेत ३ डेसिबेलची घट होते. त्याच्या बरेच पुढे गेल्यावर वारंवारता दहापट झाली की सिग्नल दहापट कमी होतो, एवढाच या फिल्टरचा उतार आहे.

असे का होते, हे कळायला गाळणीची उपमा बाजूला ठेवून व्होल्टेज डिव्हायडरचे चित्र डोळ्यांसमोर आणावे लागते. वर रेझिस्टर आहे, त्याचा रोध वारंवारतेनुसार बदलत नाही. खाली कपॅसिटर आहे, त्याचा विरोध वारंवारता वाढेल तसा त्याच प्रमाणात कमी होतो. १५९२ हर्ट्झला कपॅसिटरचा विरोध बरोबर १ किलोओहम, म्हणजे रेझिस्टरइतकाच असतो. हा बदल अखंड आहे, म्हणून आउटपुटही अखंडपणे उतरत जाते. विशिष्ट वारंवारतेला दार लावून घेणारे काहीही या दोन भागांत नाही.

या चुकीची किंमत काय पडते, याचे एक उदाहरण. एका विद्यार्थिनीने अर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या ९ क्रमांकाच्या पिनवरून पीडब्ल्यूएम, म्हणजे झटपट चालू-बंद होणारी चौकोनी लहर, घेऊन त्यातून स्थिर डीसी व्होल्टेज करायचे ठरवले होते. त्या पिनवर पीडब्ल्यूएमची वारंवारता सुमारे ४९० हर्ट्झ असते. तिने १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड घेतले, कटऑफ सुमारे १६ हर्ट्झ आला, आणि ४९० ही संख्या १६ च्या तीसपट असल्यामुळे चौकोनी लहर पूर्ण नाहीशी होईल असे तिने जर्नलमध्ये लिहूनही टाकले. मल्टिमीटरवर २.५ व्होल्ट स्थिर दिसत होते. सीआरओ, म्हणजे लहरीचा आकार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, लावल्यावर मात्र पडद्यावर पाव व्होल्टची त्रिकोणी लहर दिसली. हिशोबही तेच सांगतो: ५० टक्के ड्यूटी सायकलला, म्हणजे निम्मा वेळ चालू असताना, शिल्लक लहर म्हणजे ५ व्होल्टचा चौथा भाग, गुणिले एका चक्राचे २.०४ मिलिसेकंद, भागिले टाइम कॉन्स्टंट (आर गुणिले सी) म्हणजे १० मिलिसेकंद, अर्थात ०.२५५ व्होल्ट. कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा केला की लहर दशांशावर येते, पण मग व्होल्टेज नव्या पातळीवर स्थिरावायला पाच टाइम कॉन्स्टंट, म्हणजे अर्धा सेकंद लागतो. खरी निवड या दोन गोष्टींमधली आहे, आणि कटऑफला भिंत मानणाऱ्याला ही निवड करायची आहे हेच कळत नाही.

उलट, हा सौम्य उतार हाच जिथे उपयोगाचा ठरतो असे ठिकाण आपल्या कानाशी आहे. एफएम प्रसारणात उंच स्वरांवर गोंगाट अधिक येतो, म्हणून केंद्रावरून ते स्वर मुद्दाम उचलून पाठवतात आणि रिसीव्हरमधला एक साधा आरसी विभाग ते तेवढेच खाली आणतो. त्याचा टाइम कॉन्स्टंट युरोपात ५० मायक्रोसेकंद आणि अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंद ठरलेला आहे. म्हणजे कटऑफ अनुक्रमे ३१८३ आणि २१२२ हर्ट्झ. टिपण खरे असते तर एफएमवर झांजेची किणकिण कधीच ऐकू आली नसती.

आता शोषून घेण्याबद्दल. आदर्श कपॅसिटर सरासरी शक्ती मुळीच खात नाही. एका चक्रात घेतलेली ऊर्जा तो त्याच चक्रात परत करतो. आपल्या सर्किटमध्ये तापतो तो रेझिस्टर. १ व्होल्ट आरएमएस (शक्तीच्या हिशोबाने परिणामकारक मूल्य) इनपुटला १५९ हर्ट्झवर रेझिस्टरमध्ये जेमतेम ०.०१ मिलिवॅट खर्च होतात, कटऑफवर ०.५ मिलिवॅट, आणि १५.९ किलोहर्ट्झवर ०.९९ मिलिवॅट. म्हणजे ज्या वारंवारता 'अडवल्या' असे आपण म्हणतो, त्यांच्यासाठी स्रोताकडून सर्वांत जास्त करंट ओढला जातो आणि तो कपॅसिटरमधून ग्राउंडकडे परततो. हे लक्षात आले की कपॅसिटरचे ग्राउंडचे टोक आखूड का ठेवायचे तेही समजते: गोंगाटाचा करंट त्याच तारेतून वाहतो, आणि लांब पायांच्या इंडक्टन्समुळे हाच '१०४' काही मेगाहर्ट्झच्या पुढे कपॅसिटरसारखा वागणे सोडून देतो.

याच मुद्द्याशी जोडलेली प्रयोगशाळेतली एक गफलत सांगितलीच पाहिजे. कटऑफवर रेझिस्टरवरचे व्होल्टेज ०.७०७ आणि कपॅसिटरवरचेही ०.७०७, बेरीज १.४१, मग इनपुट १ कसे, असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी योग्य वाटेवर असतो. दोन्ही व्होल्टेज एकमेकांशी ९० अंशांनी सरकलेली असतात, म्हणून त्यांची बेरीज काटकोन त्रिकोणाच्या नियमाने होते: वर्ग ०.५ अधिक ०.५, बरोबर १. पण हे तपासायला बहुतेक जण प्रोब रेझिस्टरच्या एका टोकाला आणि ग्राउंड क्लिप दुसऱ्या टोकाला, म्हणजे रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या सांध्यावर लावतात. सीआरओचे आणि फंक्शन जनरेटरचे ग्राउंड सामान्यतः अर्थिंगमधून एकच असल्यामुळे त्या क्षणी कपॅसिटर शॉर्ट होतो, रेझिस्टरवर पूर्ण १ व्होल्ट दिसतात आणि सिद्धांतच चुकीचा वाटू लागतो. दोन्ही चॅनल वापरून एकातून दुसरा वजा करावा, किंवा दोन भागांची जागा अदलाबदल करून मोजावे. स्वस्त मल्टिमीटरवर तर विसंबूच नये; त्याची एसी रेंज बहुधा काही शे हर्ट्झपर्यंतच भरवशाची असते.

उंचीखेरीज काही बदलत नाही, हे तिसरे वाक्य वरच्या परिच्छेदानेच निकालात निघते. कटऑफवर आउटपुट इनपुटच्या ४५ अंश मागे असते, निम्म्या कटऑफवरही साडेसव्वीस अंश मागे असते. कटऑफच्या पुष्कळ खालचा, उंचीने जवळजवळ अबाधित राहिलेला सिग्नलसुद्धा आर गुणिले सी इतका, म्हणजे आपल्या उदाहरणात ०.१ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. चौकोनी लहर दिली तर हे डोळ्यांना सरळ दिसते: कडा गोल होतात, ०.१ मिलिसेकंदात व्होल्टेज अंतिम पातळीच्या ६३ टक्क्यांपर्यंत चढते आणि दहा टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंत जायला ०.२२ मिलिसेकंद लागतात. बटण दाबताना त्याचा संपर्क क्षणभर जुळतो-तुटतो, तो खडखडाट घालवण्यासाठी आपण आरसी लावतो तेव्हा आपल्याला हा उशीरच हवा असतो.

चौथा दावा, गुणाकाराचा, मला सर्वांत घातक वाटतो, कारण सूत्रात तो खरा दिसतो. १ किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, १० किलोओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरड, १०० ओहम आणि १ मायक्रोफॅरड, या तिन्ही जोड्यांचा गुणाकार एकच आणि कागदावरचा कटऑफही एकच, १५९२ हर्ट्झ. पण फिल्टर कागदावर एकटा असतो; बोर्डावर त्याच्या मागे स्रोत असतो आणि पुढे लोड, म्हणजे त्याच्याकडून करंट घेणारे पुढचे सर्किट. पुढे १० किलोओहमचा लोड लावून पाहा. १ किलोओहमच्या जोडीत डीसीलाच सिग्नल ०.९१ पट होतो आणि कटऑफ सुमारे १७५१ हर्ट्झवर सरकतो, जे बऱ्याचदा चालून जाते. १० किलोओहमच्या जोडीत तोच लोड डीसी सिग्नल निम्म्यावर आणतो आणि कटऑफ दुप्पट, ३१८३ हर्ट्झ करतो. मग रेझिस्टर जितका लहान तितका चांगला, असे म्हणावे, तर मागची बाजू आडवी येते: फंक्शन जनरेटरचा स्वतःचा आउटपुट इंपीडन्स (एसीला होणारा विरोध) सहसा ५० ओहम असतो, तो १०० ओहमच्या रेझिस्टरमध्ये मिळवला की एकूण १५० ओहम होतात आणि कटऑफ १०६१ हर्ट्झवर घसरतो. तोच ५० ओहम १० किलोओहमच्या जोडीला जाणवतही नाही. म्हणून रेझिस्टरची निवड करताना तो स्रोताच्या इंपीडन्सच्या किमान दहापट आणि लोडच्या जास्तीत जास्त एक दशांश असावा, असे पाहावे, आणि कपॅसिटर मग त्या हिशोबाने येतो. इथे एक गोष्ट जोडतो: रेझिस्टरची किंमत पाच टक्क्यांनी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची वीस टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकत असताना कटऑफ दशांश चिन्हापर्यंत लिहिण्यात अर्थ नाही, सिरॅमिकमधले काही प्रकार तर त्यांच्यावर डीसी व्होल्टेज पडले की स्वतःची धारिता बऱ्यापैकी गमावतात.

शेवटचा दावा याच मुद्द्याचा पुढचा टप्पा आहे. दोन सारखे आरसी विभाग एकामागे एक जोडले की दुसरा विभाग पहिल्यावर लोड होऊन बसतो. मधे बफर, म्हणजे मागच्यावर भार न टाकता सिग्नल पुढे देणारे सर्किट, असता तर १५९२ हर्ट्झला आउटपुट ०.७०७ गुणिले ०.७०७, म्हणजे ०.५ आले असते. बफर नसताना ते एक तृतीयांश येते, आणि ३ डेसिबेलचा बिंदू १५९२ वरून थेट ५९६ हर्ट्झवर उतरतो. बफर असतानाही तो बिंदू जागेवर राहत नाही, १०२५ हर्ट्झच्या आसपास येतो. दूरवरचा उतार दुप्पट होतो, वारंवारता दहापट झाल्यावर सिग्नल शंभरपट घटतो, एवढा भाग टिपणात खरा आहे. पण कटऑफजवळचे वळण अधिक धारदार होत नाही, उलट ते आणखी पसरट होते. केवळ रेझिस्टर आणि कपॅसिटर वापरून ते धारदार करताही येत नाही, त्यासाठी इंडक्टर (तारेचे वेटोळे) किंवा ऑप-अँप (अॅम्प्लिफायरची चिप) लागतो.

हे ज्याला पटत नसेल त्याने ब्रेडबोर्डवर चार भाग घेऊन पाहावे. आधी १ किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा विभाग, त्याच्या पुढे १० किलोओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा. दुसऱ्या विभागाचा इंपीडन्स दहापट असल्याने तो पहिल्याला फारसा ओढत नाही: १५९२ हर्ट्झला आउटपुट ०.४७६ मिळते आणि ३ डेसिबेलचा बिंदू सुमारे ९५६ हर्ट्झ येतो. आता तेच चार भाग ठेवून फक्त विभागांचा क्रम उलटा करावा, आधी १० किलोओहमचा आणि मग १ किलोओहमचा. प्रत्येक विभागाचा गुणाकार तोच, सुटा कटऑफ तोच. तरीही १५९२ हर्ट्झला आउटपुट ०.०८३ वर येते आणि ३ डेसिबेलचा बिंदू १३४ हर्ट्झवर जातो. मोजताना सीआरओचा प्रोब १० एक्सवर (सिग्नल दहापट कमी करून घेणाऱ्या स्थितीत) ठेवावा; १ एक्सवर त्याची स्वतःची शंभरएक पिकोफॅरड धारिता आउटपुटला समांतर लागते.